जुन्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायची, बदलायची आणि छापायची कशी

वाचनालयं, लहान शाळा, सोसायट्यांची कार्यालयं, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, अशा किती तरी ठिकाणी आजही विंडोज ७ चा, क्वचित एक्सपीचाही कॉम्प्युटर रोजच्या कामाला जुंपलेला असतो. मशीन दणकट, प्रिंटर त्याहून दणकट. अडचण येते ती बाहेरून फाइल आली की. ती उघडत नाही; उघडली तर मराठी अक्षरं मोडलेली दिसतात; अक्षरं जमली तर छापताना कागद कोरा येतो. मग कुणी तरी घाईत ‘फ्री कन्व्हर्टर’ शोधतं, पहिल्याच दुव्यावरून काहीबाही उतरवून घेतं आणि मूळ दुखणं राहतं बाजूला, जाहिरातींचं नवं दुखणं मागे लागतं.

अशा मशीनसाठी सॉफ्टवेअर शोधायचं म्हणजे आपल्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती कोणती ते हुडकायचं, आणि ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संग्रहातूनच घ्यायची. ‘लेटेस्ट’ असं लिहिलेलं बटण आपल्यासाठी नसतं. खाली जो क्रम दिला आहे त्याच क्रमाने गेलात तर बरीच धावपळ वाचेल.

आधी मशीनची माहिती कागदावर

कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि पॉझ एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत विंडोज कोणतं, सर्व्हिस पॅक कोणता, रॅम किती आणि सिस्टम ३२ बिटची की ६४ बिटची, हे सगळं मिळतं. एक्सपीमध्ये ‘एक्स६४’ असा उल्लेख नसेल तर ती ३२ बिटची समजा. विंडोज ७ वर सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टने एकत्र दिलेल्या दुरुस्त्यांचा गठ्ठा) नसेल तर तो चढवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर तोच मागतं. प्रिंटरच्या पाठीवरचा मॉडेल नंबरही लिहून घ्या. पुढे छापील आकड्यातल्या एकेका अक्षराला महत्त्व येतं.

उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायला विसरू नका. तारीख काही वर्षं मागची दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, आणि लोक नेटवाल्याला फोन करत बसतात. सेल बदला, तारीख लावा, मग बाकीचं.

उतरवायचं कुठून आणि कसं

एक्सपीवर क्रोमची ४९ आणि फायरफॉक्सची ५२ ही शेवटची आवृत्ती. विंडोज ७ वर क्रोम १०९ वर थांबलं. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची शाखा त्यावर चालते. ब्राउझर चालला तरी सगळी संकेतस्थळं उघडतीलच असं नाही. संकेतस्थळाची ओळख पटवणारी जी प्रमाणपत्रं विंडोजमध्ये साठवलेली असतात त्यांचीही मुदत संपते. बऱ्याच संकेतस्थळांना आधार देणारं असंच एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि त्यानंतर जुन्या मशीनवर धडाधड इशारे येऊ लागले.

यावर सोपा उपाय म्हणजे फाइल मोबाइलवर उतरवून ओटीजी (मोबाइललाही लागणाऱ्या) पेनड्राइव्हने किंवा डेटा केबलने जुन्या मशीनवर आणायची. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. एक्सपीचं मशीन इंटरनेटला न जोडलेलंच बरं, माझं मत याबाबत ठाम आहे. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह मात्र त्या मशीनला लावायच्या आधी दुसरीकडे तपासून घ्या.

आणलेली इन्स्टॉलर फाइल चालवण्याआधी तिच्यावर उजवी टिचकी मारा, प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग पाहा. तिथे बनवणाऱ्याचं नाव दिसायला हवं. भाग आहे पण नाव भलतंच आहे, तर फाइल सरळ उडवा.

विंडोज ७ वर नवीनसा ड्रायव्हर किंवा इन्स्टॉलर ‘सही पटत नाही’ म्हणून अडून बसला, तर ‘केबी ४४७४४१९’ या क्रमांकाची मायक्रोसॉफ्टची २०१९ ची दुरुस्ती बसलेली आहे का ते पाहा. नव्या पद्धतीच्या सह्या ओळखायला विंडोज ७ ला ती लागते.

फाइल उघडणं आणि पीडीएफ करणं

एकच सॉफ्टवेअर बसवायचं असेल तर लिबरऑफिस बसवा. वर्डच्या जुन्या-नव्या दोन्ही फाइली ते उघडतं, एक्सेलच्या तक्त्यांचंही तसंच, आणि पीडीएफ स्वतःच बनवतं, वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. ते बनवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनने जुन्या सगळ्या आवृत्त्या आपल्या संग्रहात ठेवलेल्या आहेत. एक्सपी आणि व्हिस्टासाठी ५.४ ही शेवटची शाखा, त्यातली ५.४.७ घ्या. विंडोज ७ आणि ८.१ वर २५.२ पर्यंत जाता येतं, २५.८ पासून विंडोज १० लागतं. दोन जीबी रॅमच्या मशीनवर मी ७.६ वरच थांबतो. कार्यालयीन कामाला त्याहून नवं काही लागत नाही. विंडोज ७ वर त्याआधी केबी ३०६३८५८ ही दुरुस्ती बसलेली हवी. संग्रहात ३२ बिटसाठी ‘एक्स८६’ आणि ६४ बिटसाठी ‘एक्स८६-६४’ असे वेगळे कप्पे असतात. मघाशी कागदावर लिहिलेलं इथे कामाला येतं.

बसवताना ‘कस्टम’ निवडा आणि सुरुवातीलाच आपोआप चालू होणारा क्विकस्टार्टर काढून टाका. जावा बसवायची गरज नाही. वाचणं, लिहिणं, पीडीएफ करणं त्याविना होतं. बसवून झाल्यावर टूल्स–ऑप्शन्समध्ये दोन गोष्टी करा. लँग्वेजेसखाली ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ ला खूण करून मराठी निवडा. आणि जुन्या ग्राफिक्स कार्डावर पडदा चकाकत असेल, अक्षरं अर्धी दिसत असतील, तर व्ह्यूखाली ‘स्किया’ची (पडदा रंगवण्याच्या सोयीची) खूण काढा, ५.४ मध्ये तिच्या जागी ‘ओपनजीएल’ असतं.

एक्सपीवाल्यांसाठी लिबरऑफिसचा आणखी एक फायदा आहे. ५.३ पासून ते अक्षरजोडणीसाठी हार्फबझ नावाचं स्वतःचं इंजिन वापरतं. त्यामुळे एक्सपीमध्ये इतरत्र जोडाक्षरं तुटत असली तरी लिबरऑफिसच्या आत ती जुळलेली दिसतात. एक्सपीत सगळीकडेच मराठी नीट हवं असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस या भागात जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठीच्या फाइली बसवाव्या लागतात, आणि त्या वेळी ते एक्सपीची सीडी मागतं. सीडी शोधून ठेवा.

मशीनवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ असेल तर सर्व्हिस पॅक २ नंतर त्यातून थेट पीडीएफ निघते. आणि नुसतं साधं पत्र उघडून वाचायचं असेल, तर विंडोज ७ चं वर्डपॅडही नव्या वर्डची फाइल उघडतं. तक्ते मात्र त्यात विस्कटतात.

पीडीएफ वाचायला सुमात्रा पीडीएफ. एक्सपीवर ३.१.२, विंडोज ७ वर त्यापुढची. बसवायलाही लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालते. ई-आधारसारखी पासवर्डची पीडीएफही उघडते. पीडीएफवरची डिजिटल सही तपासायची असेल तर मात्र अडोबी रीडर लागतो, आणि एक्सपीवर त्याची अकरावी आवृत्ती शेवटची. पीडीएफ जोडायला-तोडायला पीडीएफटीके. ऑनलाइन अर्जासाठी फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवायला इरफानव्ह्यू: जेपीजी म्हणून सेव्ह करताना फाइलचा आकार केबीत सांगायची सोय त्यात आहे. घरगुती वापराला ते फुकट, कार्यालयाला परवाना घ्यावा लागतो.

वेबपानाची पीडीएफ हवी असेल तर क्रोम किंवा फायरफॉक्सच्या प्रिंटमधूनच ती सेव्ह होते. विंडोज १० मध्ये जो पीडीएफ प्रिंटर आयता येतो तो ७ मध्ये नाही, पण ‘मायक्रोसॉफ्ट एक्सपीएस डॉक्युमेंट रायटर’ असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पावती त्यावर छापा. तयार झालेली फाइल सुमात्रात उघडते आणि तिथून खऱ्या प्रिंटरवर जाते. ऑनलाइन कन्व्हर्टरवर मी फक्त जाहीर कागद टाकतो. आधार, बँकेचं पासबुक, सभासदांची यादी असलं काही तिथे चढवायचं नाही.

मराठी फॉन्टचं प्रकरण

खरा वेळ खातं ते हे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांची भेळ दिसते. फाइल खराब झालेली नसते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा जुन्या व्यवस्थांमध्ये मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. तो फॉन्ट मशीनवर नसला की चित्र जातं आणि खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. प्रत्येक कंपनीने ही चित्रं वेगवेगळ्या जागांवर बसवली, म्हणून एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या फाइलला चालत नाही.

प्रथम मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टच्या चौकटीत नाव काय दिसतं ते वाचा. फॉन्ट मशीनवर नसेल तर लिबरऑफिस ते नाव तिरक्या अक्षरांत दाखवतं. नाव कळलं की पुढचा मार्ग तुम्हाला काय हवंय यावर ठरतो.

*नुसतं छापायचं आहे.* मग काही बदलू नका. ज्या मशीनवर ती फाइल नीट दिसते तिथे जाऊन पीडीएफ करून आणा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत येतो. लिबरऑफिसच्या एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ चौकटीत ‘पीडीएफ/ए’ निवडलंत तर सगळे फॉन्ट आत घ्यावेच लागतात, त्यामुळे हीच निवड पक्की. आणलेली पीडीएफ अडोबी रीडरमध्ये उघडून फाइल–प्रॉपर्टीज–फॉन्ट्स पाहा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ किंवा ‘एम्बेडेड’, म्हणजे फॉन्ट आत आहे, असं दिसायला हवं. काही जुन्या फॉन्टवर आत घालायला मनाई असते. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधून पीडीएफ करताना पर्यायांमध्ये ‘बिटमॅप टेक्स्ट’ची खूण ठेवा, म्हणजे अक्षरं चित्र म्हणून जातात. थोडी जाड दिसतात, पण चुकत नाहीत. शेजारच्या मशीनवरून फॉन्टची फाइल कॉपी करणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे, पण यातले बरेच फॉन्ट परवान्याचे आहेत हे लक्षात असू द्या.

*मजकूर बदलायचा आहे.* मग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही एका कंपनीच्या फॉन्टवर न अडणाऱ्या सामाईक अक्षर-पद्धतीत, आणणं भाग आहे. ज्या कंपनीचं मराठी सॉफ्टवेअर तुम्ही घेतलं होतं त्याच्याबरोबर कन्व्हर्टर आला आहे का ते आधी पाहा; घरचा कन्व्हर्टर आपल्या फॉन्टच्या खाचाखोचा जाणतो. नसेल तर नेटवर एकेका फॉन्टसाठी बनवलेली पानं मिळतात: वरच्या चौकटीत जुना मजकूर टाकायचा, खाली युनिकोड मिळतो. यातली बरीचशी ब्राउझरच्या आतच काम करतात, म्हणून पान सेव्ह करून घेतलं तर इंटरनेटशिवायही चालतात.

अख्खी फाइल एकदम त्यात ओतू नका. आधी मूळ मशीनवर त्याच फॉन्टमध्ये चाचणीची एक ओळ टाइप करून घ्या: ‘दुसऱ्या वर्षीच्या निर्मितीत श्रद्धेने ज्ञान व क्षमता, कर्मचाऱ्यांची स्थिती, रु. ४५०/-’. ही ओळ कन्व्हर्टरमधून काढा आणि अक्षर अक्षर जुळवा. यात कन्व्हर्टर जिथे जिथे अडखळतात ते सगळं आलेलं आहे. ‘र्मि’ सगळ्यात अवघड: जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे कच्चा कन्व्हर्टर वेलांटी पुढच्या अक्षरावर नेऊन टाकतो. ‘ऱ्या’चं बऱ्याचदा ‘र्या’ होतं, म्हणजे ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. हा घोटाळा नेहमीचा आहे, आणि नुसतं शोधा-बदला करून तो निस्तरता येत नाही, कारण ‘आचार्य’, ‘सूर्य’ मधला रफार बरोबर असतो. तिथे डोळ्यांनीच वाचावं लागतं. आकडे आणि रुपयांच्या रकमा तर मूळ कागद शेजारी ठेवूनच तपासा.

फाइलमध्ये मधे मधे खरं इंग्रजी असेल, म्हणजे ई-मेल पत्ते, औषधांची नावं, खात्यांचे क्रमांक, तर कन्व्हर्टर त्यांचंही ‘मराठी’ करून टाकतो आणि ते वाचून कुणालाच काही कळत नाही. लिबरऑफिसच्या फाइंड अँड रिप्लेसमध्ये फॉरमॅट या बटणातून फॉन्टनुसार शोधता येतं. जुन्या मराठी फॉन्टचे तुकडे तेवढे निवडा आणि तेवढेच बदला. वेळखाऊ आहे, पण नंतर पत्ते हुडकत बसण्यापेक्षा कमी.

*फॉन्टही नाही, कन्व्हर्टरही नाही, फक्त छापील कागद किंवा जुनी पीडीएफ आहे.* मग चित्रावरून अक्षर ओळखणारी सोय वापरा. पानाचा स्वच्छ स्कॅन गुगल ड्राइव्हवर चढवून तो गुगल डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूर बऱ्यापैकी शुद्ध मिळतो. इंटरनेटवर टाकण्याजोगा कागद नसेल तर टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर चालतं आणि त्याला मराठीची माहिती-फाइल मिळते. पण ते कमांड टाइप करून चालवायचं आहे, आणि जुन्या मशीनवर सावकाश चालतं. साध्या परिच्छेदांना हे झकास. जमाखर्चाच्या तक्त्यांना नाही: रकाने एकमेकांत घुसतात.

पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला आणि काना-वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या, तर त्यासाठी ‘चांगला’ पीडीएफ-टू-वर्ड कन्व्हर्टर शोधत फिरू नका. देवनागरीच्या बहुतेक पीडीएफमध्ये अक्षरांचा क्रम दिसण्यापुरताच साठवलेला असतो. वरचाच स्कॅनचा मार्ग धरा.

प्रिंटर

आपल्याकडे लहान कार्यालयांत दोन मॉडेलं पावलोपावली दिसतात: एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९००. दोन्हींचा टोनर एकाच घडणीचा, म्हणून दुकानदार १२ए आणि ३०३ अशी दोन्ही नावं एकाच खोक्यावर लिहितो. दोन्हींची अडचणही एकच. पान तयार करण्याचं काम हे प्रिंटर स्वतः करत नाहीत, कॉम्प्युटरकडून करून घेतात. त्यामुळे त्यांना त्यांचाच ड्रायव्हर लागतो. एचपीचा ‘युनिव्हर्सल’ ड्रायव्हर १०२० ला चालत नाही. त्यात वेळ घालवू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल टाका आणि आपलं विंडोज व बिट हाताने निवडा. मोबाइलवरून उतरवत असाल तर ते संकेतस्थळ मोबाइलचीच सिस्टम गृहीत धरतं, ते बदलायला हवं. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर बसत नाही. यूएसबीची वायर ड्रायव्हरने सांगितल्यावरच जोडा, आधी नाही.

छपाई रांगेत अडकून ‘डिलीटिंग’ असं दाखवत राहिली, तर मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) निवडून स्टॉप करा. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स असा फोल्डर आहे. त्याच्या आतल्या फाइली उडवा, फोल्डर नाही. मग स्पूलर पुन्हा स्टार्ट करा. मिनिटभराचं काम.

पडद्यावर मराठी नीट पण कागदावर चौकोन येत असतील, तर अडोबी रीडरच्या प्रिंट चौकटीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ आहे, त्याला खूण करा. खालची ओळ कापली जात असेल तर कागद पाहा: पुष्कळ मशीनवर मूळचा आकार ‘लेटर’ लागलेला असतो. लिबरऑफिसची पानरचना आणि प्रिंटरची प्रेफरन्सेस, दोन्हीकडे ए४ करा. फाइल लीगल आकाराच्या कागदाची आणि ट्रेमध्ये ए४ असेल तर प्रिंटर नुसता दिवा लुकलुकवत थांबतो, आणि सगळे म्हणतात प्रिंटर बिघडला.

डॉट मॅट्रिक्सवर मराठी युनिकोड चित्र म्हणून छापलं जातं, सावकाश आणि खडखडाट करत. ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर वेगवान आहे, पण त्यावर देवनागरी येत नाही. इंग्रजी पावत्यांनाच तो ठेवा.

विंडोज सोडायची वेळ आली तर

एक जीबी रॅम, एक्सपी कुरकुरतोय, अशा मशीनवर अँटीएक्ससारखं हलकं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टम) पेनड्राइव्हवरून चालवून बघा. ३२ बिटच्या मशीनसाठी त्याची वेगळी आवृत्ती असते. लिनक्सच्याच उबंटू या प्रकाराच्या कुटुंबातल्या बहुतेकांनी ३२ बिट केव्हाच सोडलं, आणि डेबियन या दुसऱ्या प्रकाराचीही बारावी आवृत्ती ३२ बिटच्या मशीनवर नव्याने बसवता येणारी शेवटची. युनिकोड मराठी तिथे नीट दिसतं. जुन्या फॉन्टच्या फाइली मात्र तिथेही त्याच भेळेत उघडतात, म्हणून वरची बदलाबदल आधी उरकून घ्या.

निर्णय खरा प्रिंटरवर आहे. लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, पण एचपीच्या एचपीलिप या सॉफ्टवेअरसोबत एक जादा प्लगइन इंटरनेटवरून घ्यावा लागतो, कारण हा प्रिंटर दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून आपलं फर्मवेअर (आत चालणारं सॉफ्टवेअर) मागतो. कॅनन २९०० असेल तर माझा सल्ला सरळ आहे: विंडोजवरच राहा. त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवण्यात जितका वेळ जातो तितक्यात महिन्याची पत्रं छापून होतील. सेकंडहँड प्रिंटर घेणार असाल तर माहितीपत्रकात पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट लिहिलेला घ्या, उदाहरणार्थ एचपीचा १३२० किंवा पी२०१५. असे प्रिंटर पान स्वतः तयार करतात, म्हणून एक्सपी असो, लिनक्स असो की पुढे घ्याल ते नवं मशीन, त्यांचा ड्रायव्हर हुडकत बसावं लागत नाही.